शेजारघरची शीळ

दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार पडद्याच्या पुढच्या बाजूला बसून लिहितात. पहिले चित्र कोणी दाखविले, इंग्लंडच्या राणीचा राज्याभिषेक घरबसल्या किती जणांनी पाहिला, 'रामायण' चालू असता रस्ते कसे ओस पडत, ह्या हकीकती वाचकांच्या परिचयाच्या आहेत. पण त्याच पेटीच्या मागच्या बाजूने आणखी एक प्रक्षेपण अखंड चालू असे, आणि त्याची दखल ह्या ग्रंथांत क्वचितच आढळते. त्या प्रक्षेपणाला कार्यक्रम नव्हता की निवेदक नव्हता; होती ती एक बारीक, सरळ, न थांबणारी शीळ. ती दूरचित्रवाणी पाहणाऱ्याला ऐकू येत नसे. ऐकू येई ती भिंतीपलीकडे रेडिओ लावून बसलेल्या शेजाऱ्याला. ह्या शिळेचा इतिहास येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्या मुलुखाबाहेर नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांशी त्याचा संबंध काय, हे ओघात येईलच.

प्रथम, ही शीळ निघे कोठून ते पाहू. जुन्या संचात चित्र उमटे ते काचेच्या एका मोठ्या नळीच्या तोंडावर. इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एक रेषा ओढी, कडेला पोचताच झटकन मागे येई आणि दुसरी रेषा ओढू लागे. कचेरीतल्या टंकलेखन यंत्राची गाडी ओळ संपताच मागे सरकते, तसाच हा प्रकार. फक्त सेकंदाला दहा-पंधरा हजार वेळा घडणारा. झोताला वळविण्यासाठी नळीच्या मानेभोवती तारेची वेटोळी बसविलेली असत, आणि त्यांतून वाहणारा प्रवाह करवतीच्या दात्यासारखा सावकाश चढे व एकदम कोसळे. ह्या कोसळण्याचाच उपयोग करून नळीला लागणारा हजारो व्होल्टांचा दाब निर्माण करण्याची युक्तीही लवकरच रूढ झाली. म्हणजे घराघरांत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, एक छोटेसे पण चांगलेच जोरकस आंदोलक यंत्र चालू झाले.

आता निसर्गाचा नियम असा की, जो तरंग गुळगुळीत नसून तीक्ष्ण कडांचा असतो, तो एकटा कधी येत नाही. आपल्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सारी संतती बरोबर घेऊनच तो येतो. गाण्याचा कान असलेल्या मराठी माणसाला हे वेगळे सांगावयास नको. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो, तो मूळ स्वराच्या पाचव्या पटीतला. तंबोऱ्यात ही संतती काही पिढ्यांनंतर विरत जाते. दूरचित्रवाणीच्या दात्यांची मात्र शेकडो पिढ्यांपर्यंत टिकते. मूळ स्वर कानाच्या मर्यादेच्या काठावरचा. पण त्याच्या विसाव्या, पन्नासाव्या, शंभराव्या पटी जेथे पडतात, तेथे रेडिओची केंद्रे वस्ती करून असतात.

ह्याचा पहिला झटका बसला तो इंग्लंडला. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून बीबीसीची दूरचित्रवाणी सुरू झाली. आरंभी बेअर्डची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेषांची अशा दोन पद्धती आळीपाळीने चालत. १९३७ च्या फेब्रुवारीत बेअर्डची पद्धत मागे पडली व ४०५ रेषा कायम झाल्या. (हा आकडा चमत्कारिक वाटतो खरा. पण तीनदा, तीनदा, तीनदा, तीनदा आणि पाचदा भागले की तो संपतो, आणि त्या काळच्या मंडलांना अशा लहान आकड्यांचाच भागाकार साधत असे.) सेकंदास २५ चित्रे, प्रत्येकी ४०५ रेषा, म्हणजे सेकंदाला १०,१२५ रेषा. ह्या आकड्याची विसावी पट २,०२,५०० होते. इकडे ड्रॉइटविच येथे १९३४ पासून उभे असलेले बीबीसीचे दीर्घलहरींचे प्रचंड केंद्र २०० किलोहर्ट्झवर, त्या वेळच्या भाषेत १,५०० मीटरांवर, बोलत होते. दोहोंतील अंतर अडीच किलोहर्ट्झ. दोन लहरी एकाच रेडिओत शिरल्या की त्यांच्या अंतराइतक्या कंपनांचा स्वर कर्ण्यातून बाहेर पडतो. आणि अडीच हजार कंपनांचा स्वर म्हणजे मानवी कानाला अगदी झोंबेल असा.

युद्धापूर्वी ही गोष्ट फारशी कोणाच्या डोळ्यांवर आली नसावी. संच थोडे, तेही लंडनच्या आसपासचे व सुखवस्तू लोकांचे. आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी दूरचित्रवाणी बंदच झाली. ती पुन्हा उघडली ७ जून १९४६ रोजी. मधल्या काळात, जुलै १९४५ मध्ये, बीबीसीने आपला 'लाइट प्रोग्राम' ह्याच १,५०० मीटरांवर आणून बसविला होता. गाणी, विनोद, मालिका, गृहिणींचे कार्यक्रम. ज्यावर सामान्य माणसाचा खरा लोभ, ते सारे नेमके विसाव्या पटीच्या शेजारी. पुढे १९५३ च्या राज्याभिषेकासाठी लोकांनी धडाधड संच विकत घेतले आणि शीळ गल्लोगल्ली पोचली. बीबीसीची दुसरी वाहिनी १९६४ मध्ये ६२५ रेषा घेऊन आली तेव्हा सुटका व्हावयाची, पण तेथेही गणित आडवे आले. १५,६२५ ची तेरावी पट २,०३,१२५. म्हणजे शीळ गेली नाही, फक्त थोडी चढ्या स्वरात गाऊ लागली. फ्रान्सने १९४८ मध्ये ८१९ रेषा स्वीकारून चित्राच्या सूक्ष्मतेत सर्वांवर मात केली. त्या आकड्याने सेकंदाला २०,४७५ रेषा होतात व आठवी पट १६३.८ किलोहर्ट्झवर पडते. अलुई येथील फ्रेंच दीर्घलहरी केंद्र १६४ वर होते! अभियंत्यांनी हे आकडे ठरविताना दूरचित्रवाणीचा सर्व बाजूंनी विचार केला होता. त्यात रेडिओच्या बाजूचा विचार केल्याचे दिसत नाही.

येथे ह्या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे, म्हणून थोडे थांबतो. ही शीळ सर्वांना सारखी छळीत नसे. ज्याच्या घराजवळ रेडिओचे केंद्र आहे, त्याच्या संचात केंद्राची लहर इतकी बळकट येते की शेजारच्या पेटीची कुजबूज तिच्यापुढे टिकत नाही. छळ होई तो दूरचे ऐकणाऱ्याचा. दोनशे, पाचशे, हजार मैलांवरून क्षीण होऊन आलेला आवाज आणि दहा हातांवरून येणारी शीळ ह्यांचा सामना झाला, की निकाल ठरलेलाच. व्यत्ययाचे मोजमाप करणाऱ्या शास्त्राने ही विषमता पहिल्यापासून आपल्या पायातच बसविली. १९३४ मध्ये पॅरिस येथे ह्या कामासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. 'सिस्पर' ह्या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. व्यत्ययाची मर्यादा ठरवावयाची तर आधी जे वाचवावयाचे ते केंद्र किती बळकट आहे हे गृहीत धरावे लागते. तितके बळ ज्याच्या घरी पोचते, तो संरक्षणास पात्र. त्याहून क्षीण लहर ऐकणारा आपल्या जबाबदारीवर ऐकतो. नियम म्हणून ह्यात अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. कोठे तरी रेघ मारावीच लागते. पण रेघेच्या कोणत्या बाजूला कोण राहिले, हे इतिहासाने तरी लिहून ठेवावे.

इंग्लंडात १९४९ मध्ये बिनतारी संदेशवहनाचा नवा कायदा झाला व व्यत्ययाबद्दल नियम करण्याचा अधिकार पोस्टमास्टर-जनरलला मिळाला. त्या अधिकाराखालील आरंभीच्या नियमांपैकी एक मोटारगाड्यांविषयी होता. गाडीच्या इंजिनातील ठिणगीमुळे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पांढरे ठिपके नाचत. तेव्हा १९५३ च्या जुलैपासून नव्या गाड्यांना दमनाची व्यवस्था बंधनकारक झाली. म्हणजे दूरचित्रवाणी कायद्याच्या दारात आली ती फिर्यादी म्हणून. आरोपीच्या पिंजऱ्यात ती उभी राहिली नाही असे नव्हे. पोस्टखात्याचे अभियंते तक्रार आली की घरी येऊन शोध घेत, आणि रेडिओवाल्यांच्या तक्रारींत दोष पुष्कळदा शेजारच्या दिवाणखान्यात सापडे. पण शेजाऱ्याला संच बंद कर असे कोण सांगणार? मग उपाय उरत ते तक्रार करणाऱ्यानेच करावयाचे: एरियल घराबाहेर न्या, तार जमिनीत पुरा, विजेच्या जोडणीवर कंडेन्सर बसवा, रेडिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवा. सोसणाऱ्यानेच सोय करून घ्यावी, ही रीत तेथेही आपल्याइतकीच जुनी दिसते.

ज्या गळतीने शेजाऱ्यास छळले, तिचा सरकारला मात्र एक उपयोग सापडला. दूरचित्रवाणीचा परवाना न काढता संच वापरणारे पुष्कळ होते. १९५२ च्या आरंभी पोस्टखात्याने एक गाडी रस्त्यावर आणली. तिच्या टपावर तारेची मोठी वेटोळी बसविलेली होती. घरातल्या संचाभोवती रेषांच्या कंपनांचे जे चुंबकीय क्षेत्र पसरे, ते ही वेटोळी रस्त्यावरून हुंगीत. कोणत्या घरात पेटी चालू आहे हे पेटीच स्वतः सांगे. अधिकाऱ्याने फक्त यादी पाहावयाची. ह्या गाड्यांनी प्रत्यक्षात किती चोर पकडले आणि किती जणांना नुसत्या धाकाने पोस्टात पाठविले, ह्याबद्दल नंतर पुष्कळ विनोद झाला आहे. आम्हांस त्यातली न्यायाची तऱ्हा मौजेची वाटते. शेजाऱ्याच्या कानाला जी साक्ष देता आली नाही, ती तिजोरीच्या कामी ताबडतोब ग्राह्य ठरली.

ह्याच गळतीचा तिसरा अंक १९८५ मध्ये हॉलंडात झाला. विम व्हान एक ह्या अभियंत्याने दाखवून दिले की, संगणकाचा पडदाही दूरचित्रवाणीसारखाच रेषा ओढीत असल्याने त्याच्याही लहरी बाहेर झिरपतात, आणि साध्या दूरचित्रवाणी संचात थोडा फेरफार केला तर त्या पडद्यावरचा मजकूर बऱ्याच अंतरावरून वाचता येतो. गोपनीय शिक्क्याचे कागद कुलपात ठेवण्याची सवय झालेल्या आमच्या वाचकांनी ह्या शोधाचा अर्थ स्वतःच लावावा.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात आटोपतो, कारण तेथे दोष रेषांचा नव्हे, संचातील दुसऱ्याच आंदोलकाचा होता. आलेले केंद्र निवडण्यासाठी प्रत्येक संच स्वतःची एक लहर उत्पन्न करतो, आणि ती एरियलच्या वाटे उलट बाहेर पडते. जुन्या संचांत दुसरी वाहिनी लावली की ही लहर ८१ मेगाहर्ट्झवर येई. ती जागा पाचव्या वाहिनीची. एकाने दुसरी पाहावी आणि शेजाऱ्याची पाचवी बिघडावी! पुढे संचाच्या अंतर्गत रचनेतले आकडे बदलले व हीच लहर १०१ मेगाहर्ट्झवर गेली. दूरचित्रवाणी दूरचित्रवाणीच्या त्रासातून सुटली. पण १०१ हा आकडा एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या ऐन मध्यावरचा. अशा प्रकारे त्रास नाहीसा करण्यापेक्षा तो दुसऱ्याच्या दारात सरकविणे सोपे, हे सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी फाईल 'योग्य कार्यवाहीसाठी' पुढे पाठविली आहे, त्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. १९६५ मध्ये ती रोजची झाली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईचे केंद्र उघडले. ६२५ रेषा व सेकंदाला २५ चित्रे ही युरोपीय पद्धत आपण घेतली, आणि तिच्याबरोबर १५,६२५ हा आकडाही आला. दीर्घलहरींवर आपल्याकडे ध्वनिक्षेपण नव्हते, म्हणून ड्रॉइटविचचे दुखणे आपणांस झाले नाही. पण मध्यमलहरींवर ह्या आकड्याच्या पटी दर पंधरा-सोळा किलोहर्ट्झांवर मैलाच्या दगडांसारख्या रोवलेल्या असतात, आणि आपली केंद्रे त्यांच्यामधून वाट काढीत उभी होती. १९७५ च्या जिनीव्हा योजनेप्रमाणे १९७८ पासून केंद्रांच्या जागा ९ किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने आखल्या गेल्या. तेव्हाचे आकडे घेऊन आम्ही मराठी केंद्रांचा एक ताळेबंद मांडून पाहिला, तो वाचकांपुढे ठेवतो.

मुंबईची विविध भारती ११८८ वर होती. १५,६२५ ची शहात्तरावी पट ११८७.५ होते. अंतर अवघे अर्धा किलोहर्ट्झ. म्हणजे गाण्यांच्या खाली पाचशे कंपनांचा एक सलग स्वर, जणू कोणी परका बेसूर तंबोरा धरून बसला आहे. मुंबईचेच १०४४ वरील केंद्र घ्या: सदुसष्टावी पट १०४६.९, अंतर पावणेतीन किलोहर्ट्झांहून किंचित अधिक, आणि शीळ इंग्लंडातल्यासारखीच झोंबरी. मराठी कार्यक्रमांची ५५८ ची लहर त्या मानाने भाग्यवान. तिच्यापासून छत्तिसावी पट साडेचार किलोहर्ट्झ दूर पडे, आणि ती उंच शीळ साध्या संचात बरीचशी दबून जाई. पुण्याच्या ७९२ ची स्थिती साधारण तशीच. नागपूरचे ५८५ मात्र दोन पटींच्या मध्ये असे सुरक्षित बसले होते की एका बाजूस सात आणि दुसऱ्या बाजूस पावणेनऊ किलोहर्ट्झांचे मोकळे अंगण. हे कोणी जाणून केले असे नाही. पण विदर्भाच्या वाट्याला काही आपसूक चांगले आल्याची नोंद क्वचितच करावयास मिळते, म्हणून केली.

मुंबईत राहून मुंबई ऐकणाऱ्याला ह्या ताळेबंदाची गरज नव्हती. ती होती दिल्लीत, भोपाळात, कलकत्त्यात बदलीवर गेलेल्या माणसाला. दिवसा मध्यमलहरी जमिनीलगत विरून जातात. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून त्या शेकडो मैलांपलीकडे उतरतात. म्हणून परमुलुखातल्या मराठी घरात रेडिओचा काटा मुंबईकडे वळे तो दिवेलागणीनंतर. चढउतार करीत, मधूनच बुडत, मधूनच स्पष्ट होत एखादे कीर्तन, एखादी श्रुतिका, नाट्यगीताची एखादी ओळ येई. दूरचित्रवाणीचा संध्याकाळचा कार्यक्रमही नेमका त्याच वेळी सुरू होई. सरकारी वसाहतींतल्या चाळीवजा इमारतींत एकेका भिंतीचे अंतर; शेजारी पेटी लागली की काट्याच्या सर्व ठिकाणी ठराविक अंतराने शीळ उभी राही. आणि वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ आपले वरिष्ठ असले तर तक्रार कशी करावयाची, ह्यावर बिनतारी कायद्याच्या कोणत्याच कलमात मार्गदर्शन नाही.

ह्या त्रासातही काही बारकावे होते, आणि ऐकणारे ते अनुभवाने शिकत. एका गावातील सर्व संच एकाच केंद्राशी बांधलेले असल्याने साऱ्यांची शीळ तंतोतंत एकाच स्वराची असे. चार शेजारी असोत की चाळीस, स्वर तोच, जोर मात्र वेगळा. रात्री केंद्र बंद होऊनही कोणी संच चालू ठेवला, तर लगाम सुटलेल्या घोड्यासारखा त्याचा स्वर इकडेतिकडे भरकटू लागे. त्यावरून कोणाच्या घरी पेटीसमोर डोळा लागला आहे, हे शेजाऱ्यास उमगे. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची कांडी असते, आणि ती एका विशिष्ट दिशेने येणाऱ्या लहरीला जवळजवळ बहिरी होते. म्हणून संच हातात धरून सावकाश फिरवीत गेले की एका कोनावर शीळ अचानक मावळे. मात्र त्याच कोनात मुंबईही मावळू नये, हे नशिबावर. ज्या घरात भिंत आणि मुंबई परस्परांना काटकोनात होत्या, त्या घराचे भाडे आम्ही असतो तर थोडे अधिक दिले असते.

१९८२ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी आली, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत पेटी मध्यमवर्गीय घरांतली नित्याची वस्तू झाली. १९८७ च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले तेव्हा रेडिओ लावून बसणारा माणूस वसाहतीत एकटाच उरला असेल, तर नवल नाही. रंगीत संचांत विजेच्या पुरवठ्याची पद्धतही बदलली. प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडणारी मंडले आली, आणि स्वच्छ शिळेच्या जोडीला एक भरड खरखर आली. शीळ निदान आपल्या ठिकाणी उभी राही, तिला चुकवून जाता येत असे. खरखर सगळीकडे पसरते.

काचेची नळी इतिहासजमा झाली तेव्हा ह्या प्रकरणावर पडदा पडावयास हवा होता. नव्या चपट्या पडद्यांत रेषा ओढणारा झोत नाही, वेटोळी नाहीत. पण त्यांतल्या प्लाझ्मा जातीच्या पडद्यांनी लघुलहरी ऐकणाऱ्या हौशी लोकांना जुन्या नळीचीच आठवण करून दिली. पडद्याच्या सबंध पृष्ठभागावर विद्युदग्रांचे जाळे, त्यात शेकडो व्होल्टांचे झटपट फटके, आणि पृष्ठभाग चांगला रुंद. म्हणजे पडदाच एरियल झाला. सिस्परच्या मर्यादा ह्या संचांना लागू होत्याच. त्या पाळूनही त्रास होई, कारण ३० मेगाहर्ट्झच्या खाली त्या मर्यादांत मोजले जाई ते विजेच्या तारेतून बाहेर जाणारे. पडद्यातून थेट हवेत जाणारे मोजण्याची अट त्या पट्ट्यात नव्हती. मध्यमलहरी आणि लघुलहरी, म्हणजे दूरचे ऐकण्याच्या साऱ्या वाटा, ३० मेगाहर्ट्झच्या खालीच आहेत.

ड्रॉइटविचने १९८८ मध्ये आपली जागा २०० वरून १९८ किलोहर्ट्झवर हलविली. हेतू निराळाच होता: केंद्रांच्या ९ च्या आखणीत बसणे. पण त्या दोन किलोहर्ट्झांच्या सरकण्याने तेराव्या पटीपासूनचे अंतर पाच किलोहर्ट्झांच्या पलीकडे गेले, शीळ बहुतेक संचांच्या आवाक्याबाहेर चढली, आणि चाळीस वर्षांच्या तक्रारींनी जे झाले नाही ते एका परिपत्रकाच्या अंमलबजावणीने सहजच होऊन गेले.